407 चं चिकट इंजिन धुताना

जुन्या टाटा 407 चं बॉनेट उघडलं की चेंबरवर (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यावर) बोटभर जाड काळा चिकटा दिसतो. मालक गाडी वॉशिंग सेंटरला नेतो, तिथला पोरगा प्रेशरनं पाणी मारतो आणि वरून डिझेलचा फवारा मारून इंजिन चकचकीत करून देतो. त्या ओल्या डिझेलवर धूळ आणखी जोमात बसते, आणि तेल कुठून गळतंय हे कोणी बघितलेलंच नसतं. म्हणून धुण्याआधी पाच मिनिटं टॉर्च मारून नीट बघा.

तेल खाली उतरतं आणि फॅनच्या वाऱ्यानं मागे सरकतं. त्यामुळे सर्वात जास्त ओली जागा फसवी असते. सर्वात वरची आणि सर्वात पुढची ओल शोधा. इंजिन ऑइलचा चिकटा काळा आणि घट्ट. डिझेल गळतं तिथला धातू उलट धुऊन निघालेला, पातळ ओलसर दिसतो. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या ओव्हरफ्लो पाइपाखाली आणि टाकीतून डिझेल खेचणाऱ्या फीड पंपाशी हे बऱ्याचदा सापडतं. कूलंट वाळून पांढरट किंवा हिरवट डाग सोडतो. चारी बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

इंजिन पूर्ण थंड हवं. तापलेल्या मॅनिफोल्डवर (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांवर) गार पाणी पडलं तर त्याचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकू शकतं. डिझेल पंपाची गोष्ट त्याहून वाईट. त्यातला प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (दट्ट्या सरकतो ती नळी) यांच्यात जेमतेम काही मायक्रॉनची फट असते. गरम पंपावर गार पाणी पडून भाग आकसले की प्लंजर जाम होऊ शकतो. चालू इंजिनवर पाणी मारायची सवय असलेल्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका.

बॅटरीची अर्थ वायर काढा. डायनामो आणि सेल्फवर (स्टार्टर मोटरवर) प्लास्टिकची पिशवी बांधा, एअर क्लीनरचं तोंड आणि ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) झाका, डिपस्टिक व ऑइलचं झाकण घट्ट बसलंय का बघा. खाली लाकडाचा भुसा पसरा आणि जाड थर पुट्टीच्या पट्टीनं कोरडाच खरवडा. निम्मं काम इथंच होतं. पडलेली घाण पोत्यात भरा, गटारात ढकलू नका.

आता 2 लिटर रॉकेल किंवा डिझेलमध्ये पाव लिटर भांडी घासायचं लिक्विड घाला. साबण तळाशी बसतो, म्हणून मधूनमधून ढवळत राहा. साबणामुळेच तेल नंतर पाण्याबरोबर सुटतं. पेट्रोल अजिबात नको, त्याची वाफ थंडीतही पेट घेते. कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडाही नको. ॲल्युमिनियमचे भाग काळे पडतात आणि खाल्ले जातात. 2 इंची रंगाच्या ब्रशचे केस निम्मे कापले की तो हवा तसा ताठ होतो. मिश्रण खालून वर लावा आणि 10-15 मिनिटं मुरू द्या, पण वाळू देऊ नका. फॅन बेल्ट, होज आणि फाउंडेशनचं (इंजिन ज्यावर बसतं ते) रबर यांना ते लागू देऊ नका. रबर फुगतं, शिवाय तेलकट बेल्ट घसरतो.

धुणं मात्र वरून खाली, साध्या नळीनं. प्रेशर गनच वापरायची असेल तर दोन-अडीच फुटांवरून, आणि ऑइल सील, वायरिंगचे कपलर, रेडिएटरची जाळी व बेल हाउसिंगचं (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या कवचाचं) भोक सोडून. मग पंक्चरवाल्याकडची हवा मारून नोझलभोवतीचं पाणी काढा, पिशव्या सोडा, बॅटरी जोडा आणि इंजिन 20 मिनिटं आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू ठेवा. थोडी वाफ निघेल, घाबरू नका.

सगळं कोरडं झालं की संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी 15-20 किमी फिरवून आणा. तेलाची रेघ पावडरवर स्पष्ट उमटते. टॅपेट कव्हरखाली (इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली) उमटली तर कॉर्कचं पॅकिंग बदला. नवीन पॅकिंग आवळून आवळून चेपवू नका, ते फाटून पुन्हा गळतं. बेल हाउसिंगच्या भोकातून इंजिन ऑइल टपकत असेल तर मागचं सील गेलंय, म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागणार.

पॅकिंग आणायच्या आधी आयडलवर ऑइलचं झाकण काढून बघा. किंचित वाफ चालते. फसफस धूर जोरानं बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शंका घ्या. आतला दाब नव्या पॅकिंगमधूनही तेल ढकलत राहील. अशा वेळी आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या.