नॉर्थब्रिजमध्ये पाय ठेवायचा नाही

प्रवेशबंदी म्हटलं की बेळगावच्या माणसाला पुढारीच आठवणार. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राचे मंत्री चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई बेळगावला येणार येणार म्हणून केवढा गाजावाजा झाला, जिल्हा प्रशासनानं बंदीचा हुकूम काढला आणि ते काय आले नाहीत, मग खासदार धैर्यशील मानेंच्या बाबतीत पण तेच. गंमत म्हणजे त्याच महिन्यात, नाताळच्या तोंडावर, इकडे ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये पण प्रवेशबंदीचा एक कायदा लागू झाला. फक्त तो पुढाऱ्यांसाठी नाही, पिऊन दंगा करणाऱ्यांसाठी.

मी मूळचा खानापूरचा, इकडे नॉर्थब्रिजमध्ये एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. नॉर्थब्रिज म्हणजे पर्थ स्टेशनच्या पलीकडचा भाग, जेम्स स्ट्रीट, विल्यम स्ट्रीट, सगळे पब, नाइटक्लब, चायनीज हॉटेलं इथंच. दिवसा बघितलं तर निम्मी शटरं बंद आणि रस्त्यावर फक्त भाजीच्या गाड्या माल उतरवत असतात. शुक्रवार-शनिवारी रात्री मात्र पाय ठेवायला जागा नसते, आणि बारा वाजून गेले की बाया चपला हातात घेऊन अनवाणी चालत असतात, कोण फुटपाथवर बसून रडतंय, कोण कबाबच्या लाइनमध्ये विनाकारण मागच्याला ढकलतंय. नव्वद टक्के लोक हसतखेळत घरी जातात हो. उरलेल्यांसाठी हा कायदा.

कायदा असा की सरकारनं पाच भाग ठरवून टाकलेत. पर्थ-नॉर्थब्रिज, फ्रीमँटल, स्कारबोरोचा बीच, हिलरीजचं बंदर आणि दक्षिणेला मँडुरा. या भागांत कोणी मारामारी, दमदाटी, अश्लील चाळे असलं काही केलं असं पोलिसाला रास्त कारणानं वाटलं तर तो त्याला तिथून बाहेर राहायचा लेखी आदेश देऊ शकतो, सहा महिन्यांपर्यंत. पब सोडा, त्या भागात रस्त्यावर पण फिरायचं नाही. प्रकरण मोठं असेल तर लिकर लायसन्सिंगचा, म्हणजे दारूच्या परवान्यांचा, डायरेक्टर पाच वर्षांपर्यंत बंदी घालू शकतो. आणि तिथं केलेल्या गंभीर गुन्ह्यात, म्हणजे लैंगिक अत्याचार, कुणाच्या ड्रिंकमध्ये काहीतरी मिसळणं, जीव जाईल अशी मारहाण, यात कोर्टात दोषी ठरला की पाच वर्षं आपोआप. बंदी मोडली तर दंड आहे आणि जेल पण.

हे उगीच आलं नाही. २०२० मध्ये नॉर्थब्रिजमध्येच एका माणसाचा एका ठोशात जीव गेला. ठोसा लागला, डोकं आपटलं, संपलं. असल्या मरणासाठी इकडे २००८ पासून वेगळं कलमच आहे, पण ते माणूस गेल्यावरचं. आधीच असल्यांना लांब ठेवा हा नव्या कायद्याचा उद्देश.

आता आपल्याच भागातल्या एका पोराचं सांगतो, गाव सांगत नाही, त्याच्या आईला आमच्यातल्या कुणाकडून तरी कळायचं. पोरगं एरवी गरीब, शिकायला आलेलं, एका वाढदिवसाला चार जास्त झाल्या आणि दारावरच्या बाउन्सरनं आत सोडलं नाही म्हणून त्याच्या छातीला हात लावला. एवढंच. पोलिस तिथंच होते. मी डबा घेऊन बाहेर पडत होतो तेव्हा हे गाडीच्या बॉनेटजवळ उभं, पोलीस बाई शांतपणे कागदावरच्या हद्दी बोटानं दाखवत होती, हा रस्ता, हा रस्ता, इथपासून तिथपर्यंत, आणि हे मान डोलवतंय पण नजर माझ्याकडं, म्हणजे दादा काहीतरी बोल की. मी काय बोलणार? तीन महिने बंदी. त्यात त्याचं पार्टटाइम काम नॉर्थब्रिजमध्येच! पण कायद्यात त्याची सोय आहे, तिथं राहत असाल, कामाला, शिकायला, दवाखान्यात, कोर्टात जायचं असेल किंवा नुसती ट्रेन-बस बदलायला त्यातनं जावं लागत असेल तर चालतं. तेव्हा हे पोरगं कामाला येतंय आणि सुटलं की सरळ स्टेशन. सुट्टी झाल्यावर मित्रांबरोबर कोपऱ्यावर उभं राहून चहा पण नाही.

आपल्याकडं पण गडीपार, म्हणजे तडीपारी, आहेच की, कर्नाटक पोलीस कायद्यात. पण ते सराईत लोकांसाठी, फाइल होते, नोटीस निघते, वकील येतो. आणि बेळगाव जिल्ह्यातनं काढलेला माणूस चंदगड तालुक्यात जाऊन बसला तर अर्ध्या तासावर. सीमाभागात राहायचे असले फायदे आपल्याला शिकवावे लागत नाहीत, चोर्ला घाटानं गोव्याच्या बाटल्या कशा येतात ते कणकुंबीच्या नाक्यावर विचारा. इकडे उलट. जागेवर निकाल, आणि बंदी जिल्ह्याची नाही, मोजून काही रस्त्यांची. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं. माणसाला घरातनं उठवत नाहीत, जिथं तो बिघडतो तेवढी जागा बंद करतात. आमच्या हॉटेलातल्या वेट्रेस पोरींना विचारलं तर त्या म्हणणार अजून कडक करा.

पण एक गोष्ट खटकते. कोर्टाच्या आधी, एका पोलिसाच्या मतावर सहा महिने, हे जरा जास्तच. नॉर्थब्रिजमध्ये बेघर लोक भरपूर, त्यात इथले मूळनिवासी जास्त, आणि त्यांना जेवणखाण, मदत देणाऱ्या संस्था पण याच भागात. दारू प्यायला घर नाही म्हणून ते रस्त्यावर दिसतात आणि दिसतात म्हणून सापडतात. कायद्याचं बिल आलं तेव्हाच मूळनिवासींच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हा आक्षेप घेतला होता. सूट कागदावर आहे खरी, पण रात्री दोन वाजता पोलिसाला ती समजावून सांगायची कुणी, आमच्या पोराला इंग्लिश येत होतं म्हणून निभावलं.

इकडे शिकायला येणाऱ्यांनी एवढं करा. कागद हातात पडला तर तिथं वाद घालू नका, वाद वाढला तर तो वेगळा गुन्हा होतो. दुसऱ्या दिवशी हद्दीचे रस्ते फोनच्या मॅपवर मार्क करा, कामाचं रोस्टर आणि मालकाचं पत्र खिशात ठेवा, आणि कॉलेजच्या फुकट कायदा सल्ला केंद्रात जाऊन ये-जा करताना कुठं थांबलं तर चालतं ते लिहून घ्या. आणि हो, रस्त्यात बाटली उघडून पिणं हा इकडे वेगळाच दंड आहे, टिळकवाडीत कारच्या डिकीवर ग्लास मांडायची सवय विमानतळावरच सोडून या.