फुलपात्र

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात माझं पाळणाघर आहे, 17 वर्षं झाली. पावसाळ्यात एखादी आई अडकते, हे काही नवं नाही. त्यासाठी कपाटात जादा झबली असतात आणि डब्यात खिचडीचे तांदूळ. पण त्या जुलैत नेमकी चिमीची आई अडकली. (नाव बदललंय.)

चिमीला सातवा लागलेला. माझ्याकडे येऊन जेमतेम चार दिवस. आईची 26 आठवड्यांची रजा संपली होती, पण साहेबांना विनवून तिने पहिला आठवडा अर्धाच दिवस मागून घेतला होता. लेक पूर्ण अंगावर पिणारी. बाटली दिसली की रुसलेल्या जावयासारखी मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले, सहा महिने झालेत, आता बाटलीच्या नादी लागू नका, थेट कप द्या. म्हणून आईने दोन कानांचा, टोटीचा गुलाबी सिपी कप आणला. शिवाय माझ्या फ्रीजमध्ये काढलेल्या दुधाच्या दोन डब्या, 90-90 मिलीच्या. "काकू, लागणार नाहीत बहुतेक. दोनला येतेच मी."

दीडला फोन आला. शीव-कुर्ल्याच्या मध्ये रुळांवर पाणी, गाडी जागच्या जागी उभी.

अकराची नाचणीची पेज अडीचपर्यंत पुरली, मग सूर लागला. मी पहिली डबी गरम पाण्यात ठेवून कोमट केली, कपात ओतली. चिमीने टोटी हिरड्यांत धरली आणि मनसोक्त चावली. दूध काही येईना. झाकण उघडून पाहिलं तर आत रबरी व्हॉल्व्ह, कप उपडा झाला तरी थेंब सांडू नये म्हणून. जोर लावून ओढलं तरच दूध येणार. म्हणजे कान असलेली बाटलीच की! हा कप बाळासाठी केलाय की सोफ्यासाठी, असा प्रश्न मला पडला.

मग मी शहाणपणा केला. व्हॉल्व्ह काढून टाकला. दूध भसकन आलं आणि पोरीला असा ठसका लागला की माझ्या पोटात गोळा आला. पुढे झुकवून धरली, खोकू दिलं, दोन मिनिटांत ती सावरली. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते. डबी सगळी झबल्यावर आणि माझ्या गाऊनवर. आता उरली एकच.

मदतीच्या मावशी म्हणाल्या, "आमच्याकडं बोंडल्यानं पाजायचे." असेल, पण मांडीवर आडवं घेऊन घशात काही ओतायची माझी हिंमत नव्हती.

सव्वाचारला रडून दमलेली चिमी मांडीवर बसली होती आणि मी फुलपात्रातून पाणी पीत होते. तिने दोन्ही हातांनी फुलपात्राचा काठ पकडला, खाली ओढला आणि चाटायला लागली. मी मावशींना खुणेनेच दूध आणायला सांगितलं.

दुसऱ्या फुलपात्रात तळ झाकेल एवढंच दूध घेतलं. उष्टं झालेलं ठेवता येत नाही, म्हणून थोडं थोडं. चिमीला ताठ बसवलं, काठ खालच्या ओठावर टेकवला आणि दूध ओठाला लागेल इतपतच फुलपात्र कलवलं. ओतलं नाही. जीभ बाहेर आली, मांजरीच्या पिल्लासारखी. चार-पाच वेळा नुसती चाटाचाट. मग वरचा ओठ खाली आला आणि 'गट्' असा आवाज झाला. आमच्यातला चार वर्षांचा एक शहाणा शेजारी बसून समालोचन करत होता, "प्यायली! परत प्यायली!" निम्मं हनुवटीवरून लाळेऱ्यात गेलं. डबी संपायला चाळीस मिनिटं लागली. संध्याकाळी मऊ भात चेपून खाल्ला आणि झोपली.

आई पावणेनऊला आली, रुळांवरून चालत, नखशिखांत भिजून. "काय प्यायली?" मी फुलपात्र दाखवलं. ते हातात घेऊन ती क्षणभर गप्प झाली. "माझ्याशिवाय प्यायली?" हसली, पण डोळे भरून आले होते. तेवढ्यात तिच्या आवाजाने चिमी जागी झाली, आणि ओला कुर्ता बदलायलाही सवड मिळाली नाही.

दोन दिवसांनी गाड्या सुरळीत झाल्या. चिमीच्या पिशवीत घरचं फुलपात्र होतं, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी आजेसासूबाईंचं नाव कोरलेलं. गुलाबी कपही होता. दात येताना हिरड्या शिवशिवतात ना, टोटी चावायला तिला तो लागतोच.