‘अनोथेन’: वरून की नव्याने?

प्राचीन ग्रीकमधले ‘अनोथेन’ हे क्रियाविशेषण मराठी माणसाला चटकन उलगडते. ‘अनो’ म्हणजे वर; ‘-थेन’ हा प्रत्यय आपल्या ऊन-हूनचे काम करतो. ‘ओइकोथेन’ म्हणजे घरून, ‘अथेनेथेन’ म्हणजे अथेन्सहून. तसेच ‘अनोथेन’ म्हणजे वरून. उच्चारातला थ आपलाच, महाप्राण. आघात पहिल्या अ वर. तो ऱ्हस्व, पुढचा ओ दीर्घ.

अडचण पुढे येते. पान वरून वाचायचे म्हणजे सुरुवातीपासून वाचायचे. वाचून झालेले पान पुन्हा वरून वाचले, तर ते नव्याने वाचणे झाले. ग्रीकमध्ये हे तिन्ही अर्थ या एकाच शब्दात आले: वरून, पहिल्यापासून, नव्याने. कोशात तिन्ही सापडतात आणि वाचक सोयीचा उचलतो. चूक इथेच होते.

आधी शेजारचे शब्द पाहावेत. बायबलच्या नव्या करारात, म्हणजे येशूनंतरच्या ख्रिस्ती भागात, हा शब्द 13 वेळा येतो. पुढे पुस्तकाच्या नावानंतरचे आकडे अध्याय आणि ओवी दाखवतात. मार्क 15:38 मध्ये मंदिराचा पडदा फाटतो, तिथे सोबत ‘काटो’, म्हणजे खाली, आहे. वरपासून खालपर्यंत, शंकाच नाही. प्रेषितांची कृत्ये 26:5 मध्ये ओळख असण्याचे क्रियापद आहे, म्हणून अर्थ काळाचा: पहिल्यापासून. गलती 4:9 मध्ये ‘पालिन’, म्हणजे पुन्हा, अगदी चिकटून आहे, तिथे ‘नव्याने’.

खरा पेच योहान 3:3 चा. येशू म्हणतो, माणूस ‘अनोथेन’ जन्मला पाहिजे. त्याला भेटायला आलेला यहुदी पुढारी निकदेम विचारतो, म्हातारा माणूस आईच्या उदरात ‘देउतेरोन’, म्हणजे दुसऱ्यांदा, कसा शिरेल? म्हणजे त्याने ‘नव्याने’ ऐकले. पण त्याच अध्यायात 31 व्या ओवीत ‘अनोथेन’ येणारा सर्वांच्या वर आहे. 19:11 मध्ये रोमन सुभेदार पिलाताचा अधिकार वरून मिळालेला. 19:23 मध्ये येशूचा अंगरखाही वरपासून विणलेला. योहानाचा स्वतःचा वापर सगळा ‘वरून’कडे झुकतो. संवादाची गाठ निकदेमाच्या गैरसमजावर बसली आहे, आणि ती बसायला शब्द दुहेरीच हवा.

जेरोमच्या लॅटिन बायबलात 3:3 ला ‘देनुओ’, नव्याने, आणि 3:31 ला ‘देसुर्सुम’, वरून, असे दोन शब्द आहेत. प्रचलित मराठी बायबलातही ‘नव्याने’ आणि ‘वरून’ असेच वेगळे शब्द येतात. अर्थ पोचतो, पण मूळ शब्द एकच आहे हे वाचकाला कळत नाही. माझ्या मते 3:3 ला मजकुरात ‘वरून’ ठेवून तळटीपेत ‘किंवा नव्याने’ द्यावे. मग निकदेमाचा प्रश्न कुठून आला, ते तिथल्या तिथे दिसते.