मधमाश्यांच्या पोळ्याकडे पाहून आखलेले विणकाम : आमची वाटचाल

अमळनेरमध्ये लोकरीचा धंदा चालतो कसा, असा प्रश्न बाहेरगावचे व्यापारी आम्हाला हमखास विचारतात आणि त्यांचे आश्चर्य वावगे म्हणता येणार नाही, कारण मे महिन्यात खान्देशचा पारा 45 अंशांच्या घरात असतो. मात्र याच खान्देशात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुळ्याकडचे तापमान एक आकडी होते, आणि सासूबाईंनी या व्यवसायाला सुरुवात केली ती त्या थंडीतल्या बाळांच्या टोपड्या-मोज्यांपासूनच. पुढे सुती धाग्याचे क्रोशाकाम त्यात आले : रुखवतात मांडायचे रुमाल, दाराची तोरणे, श्रावणात कानबाई या खान्देशच्या देवीच्या चौरंगाभोवती लावायच्या झालरी. 1945 साली आमच्याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेली विप्रो कुठल्या कुठे गेली; आम्ही अजून सुई-धाग्यातच आहोत, आणि त्याचे आम्हाला वाईट वाटत नाही.

आमचे काम घरोघरी चालते. धागा वजन करून द्यायचा, विणलेला माल वजन करूनच घ्यायचा आणि नगावर मजुरी द्यायची, ही जुनी पद्धत आजही कायम आहे. अडचण असते ती हातांची. दिवाळीच्या मागे-पुढे कापसाची वेचणी सुरू झाली की निम्म्या बायका शेतात असतात आणि स्वेटरची मागणी नेमकी तेव्हाच वाढते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-सुना माहेरी जातात आणि लग्नसराईचे रुखवताचे काम त्याच आठवड्यांत अंगावर येते. त्यामुळे नमुना कोणता घ्यायचा यापेक्षा तो कोणाच्या हातून, कोणत्या टप्प्यावर आणि कधी पुढे सरकणार, हे ठरवणे आम्हाला नेहमीच अधिक कठीण गेले.

मधमाश्या आमच्या घरात आल्या त्या धाकट्या दिरांमुळे. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण घेऊन आल्यापासून ते मेलिफेरा या युरोपीय जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या सांभाळतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कांदा बियाण्याच्या प्लॉटवर परागीभवनासाठी त्या भाड्याने देतात. मकरंद सापडलेली माशी पोळ्यावर नाचून सोबतिणींना दिशा आणि अंतर सांगते, हे कार्ल फॉन फ्रिश यांचे संशोधन आणि त्यांना 1973 मध्ये मिळालेले नोबेल पारितोषिक अनेकांना ठाऊक असते. दिरांनी मला सांगितले ते त्याच्या पुढचे होते. बाहेरून मकरंद आणणारी माशी तो स्वतः कोठीत भरत नाही. पोळ्यातल्या दुसऱ्या माशीच्या तोंडी देते आणि ती तो पुढे साठवते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस सीली यांनी दाखवून दिले, की मकरंद उतरवून घेणारी माशी साधारण 20 सेकंदांच्या आत भेटली तर आणणारी माशी सोबतिणींना फुलांकडे बोलावणारा नाच करते. पण 50 सेकंदांहून अधिक वेळ तिष्ठत राहावे लागले तर ती थरथरत पोळ्यावर फिरते. त्या थरथरीचा परिणाम असा होतो, की मकरंद घ्यायला अधिक माश्या पुढे येतात आणि आणखी मकरंद आणण्याची हाकाटी थांबते. फुले किती फुलली आहेत यावर सगळे ठरत नाही. उतरवून घेणारे हात मोकळे आहेत का, यावरही तितकेच अवलंबून असते.

आमच्याकडे नेमकी हीच गाठ होती. षट्कोनी तुकड्यांच्या दुलईची ऑर्डर आली की सर्वजणी आनंदाने तुकडे विणत, कारण तुकडा हातात मावतो, ओसरीवर बसून होतो आणि मोजून पैसे मिळतात. जोडणी, धाग्यांची टोके लपवणे, धुणे आणि ताणून वाळवणे ही कामे मात्र दोघी-तिघींवर पडत आणि माल पिशव्यांत साचत राही. आमच्याकडच्या सर्वात जुन्या विणकर मावशींनी एकदा ढिगाकडे पाहून विचारले, "ताई, इनानं काम व्हई जाई, पन जोडाले कोन शे?" माशीची थरथर ती याहून वेगळी काय असणार!

तेव्हापासून जोडणीच्या मेजाजवळ प्रत्येक जोडणारीची एक टोपली असते. टोपली काठोकाठ भरली असेल, तर त्या दिवशी तुकड्यांसाठी नवा धागा तोलला जात नाही. धागा न्यायला आलेल्या बाईला त्याच मेजावर बसवून जोडणीचे काम दिले जाते. हे जमायचे तर आधी मजुरी बदलणे भाग होते. जोडणीला विणकाम न मानण्याची रीत सगळीकडेच आहे, म्हणून तिचा दर कमी असतो, आणि कमी दराच्या कामाकडे कोणी आपणहून वळत नाही. पोळ्यात मजुरी नसते, इतके साधे अंतर मधमाश्यांचे गोडवे गाणारे विसरतात. आम्ही जोडणीची मजुरी नगावरून तासावर आणली आणि ती तुकड्यांच्या सरासरी कमाईच्या वर ठेवली. टोपलीचा नियम त्यानंतरच चालू लागला.

षट्कोनाच्या निवडीमागे मात्र सरळ हिशेब आहे. समान क्षेत्रफळाच्या घरांनी सपाट जागा भरायची तर सर्वात कमी भिंत षट्कोनाला लागते, हे थॉमस हेल्स यांनी 1999 मध्ये गणिताने सिद्ध केले. समोरासमोरच्या बाजूंत 10 सेंटिमीटर अंतर असलेल्या षट्कोनाचा परीघ सुमारे 34.6 सेंटिमीटर भरतो. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चौकोनाचा 37.2 होतो. म्हणजे शिवण सुमारे सात टक्क्यांनी वाचते. बाळाच्या 75 बाय 90 सेंटिमीटरच्या दुलईला असे साधारण 78 षट्कोन लागतात, त्यामुळे ही बचत धाग्याच्या वजनात दिसते. विणीलाही हा आकार सोयीचा पडतो : मुक्या खांबांची (क्रोशाच्या आखूड टाक्यांची) सपाट चकती सहा टाक्यांनी सुरू होते, प्रत्येक फेरीत सहा टाके वाढतात, आणि ही वाढ दर वेळी आधीच्या वाढीवरच घेतली की सहा कोपरे आपोआप उभे राहतात. तरीही नवशिक्या हाताला आम्ही चौकोनच देतो, कारण चौकोन सरळ रांगेत जोडता येतात आणि षट्कोनाच्या जोडणीत दर काही टाक्यांनी वळावे लागते.

दिरांनी पेटीतून काढलेली एक फ्रेम उन्हाकडे धरून पाहिली, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. माश्या एकाच फ्रेमवर अनेक ठिकाणी पोळे बांधायला घेतात आणि वरून खाली वाढणारे ते पदर पुढे एकमेकांना भिडतात. भिडताना रांगा जुळल्या नाहीत, की त्या सांध्यावर मधूनच पाच बाजूंचे घर दिसते आणि त्याला लागून बहुधा सात बाजूंचे. विणकामात षट्कोनांमध्ये एकटा पंचकोन घातला तर कापड वाटीसारखे फुगते आणि एकटा सप्तकोन घातला तर चुण्या पडतात; दोन्ही शेजारी ठेवले तर ताण एकमेकांत जिरतो आणि कापड जवळजवळ सपाट राहते. त्यामुळे मोठी दुलई आता आम्ही तीन-चार घरी एकाच वेळी सुरू करू शकतो. प्रत्येकीच्या हाताची ओढ निराळी असते, ती सांध्याच्या ओळीवर अशा जोडीने सावरून घेता येते. हे काम सर्वांना जमते असे नाही, पण ज्यांना जमते त्यांचे सांधे शोधूनही सापडत नाहीत. एकट्या पंचकोनाचा फुगवटा आम्ही बाळाच्या टोपड्यासाठी मुद्दाम वापरतो : मध्ये पंचकोन आणि भोवती पाच षट्कोन.

नव्या बाईला कोणते काम द्यावे, याचेही उत्तर पेटीतच होते. कामकरी माशी जन्मल्यावर आधी घरे साफ करते, मग अळ्यांना भरवते, पुढे मेण पाझरवून बांधकाम करते आणि साधारण तीन आठवड्यांनंतर बाहेर पडते. मात्र बाहेर जाणाऱ्या माश्या कमी पडल्या तर तरुण माश्या लवकर निघतात. आमच्याकडे येणारी मुलगी पहिल्यांदा टोके लपवण्याच्या कामाला बसते, कारण त्यात निरनिराळ्या हातांचे तुकडे तिच्या नजरेखालून जातात आणि सैल टाका, चुकलेली फेरी, घट्ट ओढलेली साखळी तिला न सांगता ओळखू येऊ लागते. नंतर तुकडे, मग जोडणी, आणि शेवटी नवा नमुना बसवणे. वेचणीच्या दिवसांत हा क्रम मोडावा लागतो, म्हणून प्रत्येकीला आपल्या मागचे आणि पुढचे काम यावे, एवढी काळजी आम्ही उन्हाळ्यातच घेतो.

लोकर लुधियान्याहून येते आणि एका रंगाचे दोन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या खेपा, शेजारी ठेवले की फरक उघडा पडतो. त्यामुळे पूर्ण ऑर्डरचा धागा एकाच लॉटमधून आल्याखेरीज पहिला टाका घातला जात नाही. मधाच्या बाबतीत दीर तितकेच कडक आहेत : पाण्याचे प्रमाण साधारण 20 टक्क्यांच्या खाली येऊन माश्यांनी घरावर मेणाचे झाकण घातल्याशिवाय ते फ्रेम काढत नाहीत. आमचा मालही धुऊन, चौकटीवर टाचण्यांनी ताणून पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत जात नाही. सुती कामाला चैत्राच्या उन्हात दुपारही पुरते. ॲक्रिलिकच्या कृत्रिम लोकरीला मात्र कडक इस्त्रीपासून दूर ठेवावे लागते, नाहीतर विणीचा जीवच जातो.

यंदाच्या थंडीसाठी आम्ही दोन मोठ्या षट्कोनांचे जाकीट घेतले आहे. प्रत्येक षट्कोन दुमडला की अर्धे अंग आणि एक बाही तयार होते आणि पाठीवर एकच मोठी शिवण उरते. ऑर्डर घेताना तारीख द्यायची ती विणणाऱ्यांकडे न पाहता जोडणीच्या टोपल्या पाहून द्यायची, असे दुकानात बसणाऱ्या माझ्या जावेने ठरवून टाकले आहे. म्हणूनच दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेसाठी माल हवा असलेल्या व्यापाऱ्यांना ती दसऱ्याच्या आत नमुना आणि रंग पक्का करायला सांगते.