नाणेघाटाने गिरिजात्मजाकडे

कल्याणहून लेण्याद्रीला जायला माळशेजमार्गे सरळ रस्ता आहे. तरी मामाचा हट्ट, माघी चतुर्थीला नाणेघाट चढून चालतच जायचं. तृतीयेला सकाळी वैशाखऱ्यापाशी एसटीतून उतरलो आणि झाडीतून दगडी पायऱ्यांना लागलो. घाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, वर खिंडीच्या तोंडाशी जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण. मामाने त्यात वाकून पाहिलं. "दरवेळी बघतो, दरवेळी रिकामाच!"

रात्री घाटघरला पिठलं-भाकरी. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघालो. जुन्नरपर्यंत डांबरी रस्ता, आणि घाटापेक्षा तोच जास्त छळतो. चावंडचा किल्ला किती वेळ चाललो तरी मागे पडेना. उपास असल्याने राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाणे. माझ्या टाचेला फोड आला, मामा चौसष्टाव्या वर्षी पुढे.

लेण्याद्रीच्या पायथ्याला दुपार झाली. पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढलं आणि तीनशेच्या आसपास पायऱ्या धरल्या. अर्ध्या वाटेत एका माकडाने उरलेल्या लाडवांची पिशवी पळवली.

वर गर्दी होतीच. पण सातव्या लेण्यात शिरलं की आवाजच बदलतो. एवढं मोठं दालन आणि आत एकही खांब नाही. तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या, वीस. मागच्या भिंतीत शेंदराने माखलेला गिरिजात्मज. हा मुळात बौद्ध विहार. गणपती मागाहून आला आणि राहिला. मला त्यात काही खटकत नाही. खटकलं ते खोल्यांच्या भिंतींवर कोरलेली नावं.

शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह आहे. तिथल्या लेखात हे दान कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याचं, असं कोरलंय. हेरणिक म्हणजे सोनार. मी मामाला सांगितलं, तसा तो खाली बसलाच. "म्हणजे आपल्या गावचा! आणि तोही आपल्याच घाटाने आला असणार." ते त्या लेखात नाही, पण कल्याण बंदरातून जुन्नरला यायची जुनी वाट तीच, म्हणून मी वाद घातला नाही.

खाली उतरताना मामा प्रत्येक पायरीला "आई गं" म्हणत होता. परतीला चालायचं नाव त्यानेही काढलं नाही. माळशेजमार्गे कल्याणची एसटी मिळाली. खिडकीची जागा त्यानेच घेतली आणि घाट लागायच्या आत घोरायला लागला.