समुद्रातल्या ३३ केव्ही स्ट्रिंगचं अर्थ फॉल्ट सेटिंग

उत्तर समुद्रातल्या पवनक्षेत्राच्या रिलेला (बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला लावणाऱ्या उपकरणाला) हात लावण्याआधी मी केबल शेड्यूल, म्हणजे केबलींची यादी उघडतो. स्ट्रिंग म्हणजे एकाच केबलवर ओळीने जोडलेले टर्बाइन, आणि अर्थ फॉल्ट म्हणजे फेजचा जमिनीशी झालेला संपर्क. जमिनीवरच्या ओव्हरहेड लाइनला सीटीच्या (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) रेटिंगच्या दहा-वीस टक्क्यांवर सेटिंग ठेवून भागतं, इथे नाही. एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलची धारकता प्रति किमी ०.२५ मायक्रोफॅरड धरली, तर ५० हर्ट्झला दर किमी, दर फेजला दीड अँपिअर चार्जिंग करंट (धारकतेमुळे वाहणारा करंट) येतो, आणि अर्थ फॉल्टच्या वेळी तिन्ही मिळून साडेचार. म्हणजे फॉल्ट शेजारच्या फीडरवर असला तरी १० किमीच्या धडधाकट स्ट्रिंगच्या सीटीतून ४५ अँपिअर जातात. पिकअप (रिले जागा होण्याची मर्यादा) ४० वर असेल तर दोन्ही ब्रेकर उडतात आणि खराब केबल शोधत बसावं लागतं.

म्हणून नॉन-डायरेक्शनल (करंटची दिशा न पाहणारा) टप्पा ४५ च्या १.३ पट, साधारण ६० अँपिअरवर ठेवला. अर्थिंगसाठी लावलेल्या झिगझॅग ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधला रेझिस्टर फॉल्ट ४०० अँपिअरवर रोखतो, तेव्हा ६० चालतं. पण जास्त रोधाचे फॉल्ट सुटतात. त्यासाठी खाली २० अँपिअरचा ६७एन, म्हणजे करंटची दिशाही पाहणारा डायरेक्शनल अर्थ फॉल्ट टप्पा. त्याचा (व्होल्टेजच्या तुलनेतला) कोन शून्य ठेवला की धडधाकट फीडरचा कपॅसिटिव्ह करंट नेमका सीमारेषेवर पडतो, म्हणून ४५ अंश लीड दिला. कोनाच्या अधिक-उणे खुणेचा अर्थ मात्र त्या रिलेच्या मॅन्युअलमध्येच पाहायचा. व्हीटीचा (व्होल्टेज मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज गेला की ६७एन आंधळा होतो. तेव्हा वरचा ६० चाच टप्पा कामी येतो.

६००/१ च्या (६०० अँपिअरला १ अँपिअर देणाऱ्या) तीन सीटींच्या बेरजेवर २० अँपिअर विश्वासाने मोजता येत नाहीत. ओळीने आठ ट्रान्सफॉर्मर चार्ज झाले की इनरशमुळे (चार्ज होतानाच्या झटक्याच्या करंटमुळे) खोटा करंट दिसतो, तो वेगळाच. तिन्ही फेज एकत्र वेढणारा कोअर बॅलन्स सीटी हवा. केबलचं स्क्रीन (धातूचं आवरण) सीटीतून गेलं असेल, तर त्याची अर्थ वायर परत सीटीतूनच ओवून घ्यायची. तपासायला स्क्रीनमध्ये १०० अँपिअर सोडले. सेकंडरी शून्य दिसली तरच पुढे. कमिशनिंगमध्ये सर्वांत जास्त चुका इथेच सापडतात.

शेवटचं काम इंटरट्रिप, म्हणजे एक ब्रेकर उघडला की दुसऱ्या टोकालाही ट्रिपचा संदेश. टर्बाइन ट्रान्सफॉर्मरची ३३ केव्ही बाजू डेल्टा (न्यूट्रल नसलेली जोडणी) असते, त्यामुळे स्ट्रिंग ब्रेकर उघडला की त्या तुकड्याला अर्थ उरत नाही. टर्बाइन चालूच राहिले तर चांगल्या फेजवर १.७३ पट आणि क्षणभर त्याहूनही जास्त व्होल्टेज चढतं. कन्व्हर्टर रेटेडच्या १.१-१.२ पटच करंट देतो, ओव्हरकरंट रिलेला तो कळतही नाही. म्हणून फायबरवरून टर्बाइन ट्रिप, आणि फायबर तुटलं तर टर्बाइनच्या स्विचगिअरमधला ५९एन (न्यूट्रल व्होल्टेज वाढलं की ट्रिप करणारा रिले).