तिळाच्या बोंडातले हिशेब

तिळाचे भरलेले बोंड आडवे कापले, की बहुतेक वाणांत चार कप्पे दिसतात आणि प्रत्येक कप्प्यात चपट्या बिया एकावर एक रचलेल्या असतात. काही वाणांत कप्पे आठ असतात. आठ कप्पे म्हणजे दुप्पट उत्पादन, असा हिशेब मात्र शेतात जुळत नाही. झाडाची अन्न तयार करण्याची ताकद मर्यादित असल्याने बिया वाढल्या की त्या बारीक राहतात किंवा बोंडे तरी कमी लागतात.

उत्पादन हा एका जनुकाचा गुण नाही. प्रतिझाड बोंडांची संख्या, बोंडातील बिया, हजार बियांचे वजन (तिळात ते जेमतेम 3 ग्रॅमच्या आसपास), फांद्या, फुलोऱ्याचे दिवस असे अनेक गुण त्यात मिसळलेले असतात. पानाच्या बेचक्यात एकच बोंड लागते की तीन, यावरही बरेच अवलंबून असते. त्यामुळे नवे वाण तयार करणारे पैदासकार थेट उत्पादनावर निवड करण्याऐवजी या घटकगुणांकडे पाहतात, आणि त्यांत बोंडांच्या संख्येचा उत्पादनाशी संबंध बहुधा सर्वांत घट्ट आढळतो. पण हाच गुण फसवाही आहे: कडेच्या ओळीतल्या झाडाला ऊन आणि जागा जास्त मिळते, बोंडे भरपूर लागतात, आणि त्या भरघोसपणातले काहीच पुढच्या पिढीत उतरत नाही. म्हणूनच प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत पुन्हापुन्हा लावून, दिसणाऱ्या विविधतेतला जनुकीय वाटा किती आणि परिस्थितीचा किती, हे वेगळे काढावे लागते. नुसता आनुवंशिकतेचा, म्हणजे या जनुकीय वाट्याचा, आकडा मोठा आहे म्हणून हुरळून जाणे मला पटत नाही. निवडीने प्रत्यक्ष किती सुधारणा होईल, हा अंदाज त्याच्या जोडीला हवाच.

विविधता सापडली म्हणजे काम झाले असेही नाही. पिकल्यावर बोंड तडकून बी सांडणे हे तिळाचे जुने दुखणे आहे. 1943 मध्ये व्हेनेझुएलात तिळाचे पैदासकार लँगहॅम यांना न तडकणाऱ्या बोंडांचे झाड मिळाले. तो गुण एकाच अप्रभावी (दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणाऱ्या) जनुकाचा होता, पण त्याच्यासोबत वाटीसारखी मुडपलेली पाने, वाकडे खोड आणि घटलेले उत्पादनही आले. शिवाय बंद बोंडातून बी काढणे जिकिरीचे. पुढे पैदासकारांनी मधली वाट धरली: टोकाशी बोंड थोडे उघडते, पण बी आतल्या देठाला धरून राहते, आणि मळणीत मोकळे होते.